परवाना भोकाला की पाण्याला?

आमच्या वावरात आजघडीला सात बोअर आहेत. त्यातल्या पाचांच्या तोंडाला झाकण लावून वर दगड ठेवलेला आहे. सहावं चालतं, म्हणजे सकाळी खटका दाबला की वीस मिनिटं पाणी येतं आणि मग नळीतून नुसती हवा. सातवं तेवढं बरं आहे. आणि माझा पोरगा म्हणतोय, आठवं घ्यायचं.

जमीन अजून माझ्या नावावर आहे. त्यामुळं कर्जाच्या कागदावर सही माझी लागते. आठ दिवस झाले, तो कागद देवळीत पडून आहे. पोरगा जाता-येता तिकडं बघतो, मी बघत नाही. त्याची आई म्हणते, "करून टाका ना सही, उद्या त्यालाच करून खायचंय." बाई खरं बोलते. पण माझा हात होईना. का होईना, ते घरात नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. मी दहावी झालेला माणूस. कायदा शिकलो नाही, भूगर्भ शिकलो नाही. पण सात भोकं पाडली आहेत आणि त्यातून जे शिकायचं ते शिकलो आहे.

आमचा मुलूख जालना जिल्ह्याचा. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. माझ्या आजोबांनी खणलेली विहीर सात परस खोल. खणताना मी नव्हतो, पण तिच्या पोटात उतरून ती वाचली आहे. वर दीड परस काळी माती, मग मुरूम, मग ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या आणि तळाला काळा पाषाण. झरे होते ते मुरमात आणि मांजऱ्यात. पाषाणातून पाणी येत नाही, तो फक्त पाणी धरतो, परातीसारखा. आमचा बहुतेक महाराष्ट्र अशाच लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. पावसाचं पाणी वरच्या कुजक्या खडकात मुरतं, तिथंच थांबतं आणि त्यावरच विहिरी चालतात. नदीसारखं पाणी खालून वाहतंय असं पाणाड्या नारळ हातावर धरून सांगतो. ते खोटं आहे. मी त्याला सात वेळा दक्षिणा दिली आहे, म्हणून सांगतो.

त्या विहिरीवर दोन मोटा चालायच्या. आजोबा चैत्रात मोट सोडून ठेवायचे. म्हणायचे, "हिरीला दम खाऊ द्या." आम्हाला वाटायचं म्हातारा विहिरीला जनावर समजतो. आता कळतं, दम बैलांना लागायचा. बैल दमले की मोट थांबायची, मोट थांबली की झरे भरायचे. पाण्यावर जो काय कायदा होता तो बैलाच्या खांद्यात होता. कुणाला अर्ज करावा लागत नव्हता.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, घरी लाल मिलोची भाकर आणि कामावर सुकडी. त्या साली पिकाला पाणी नव्हतंच, पण त्या सात परस विहिरीनं तीन वस्त्यांना प्यायला पुरवलं. तळाला हंडाभर साचायचं, उपसलं की तासाभरानं पुन्हा हंडाभर. आजोबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. त्याच दुष्काळात सरकारनं प्यायच्या पाण्यासाठी गावोगाव बोअर घेतली, हातपंप बसवले. भूजल सर्वेक्षणाची यंत्रणाही राज्यात त्याच साली उभी राहिली. म्हणजे बोअर आमच्याकडं आलं ते तहान भागवायला. त्याला पिकाच्या कामाला जुंपलं आम्ही.

मोट गेली, इंजिन आलं, मग वीज आली. वीज दमत नाही. मी मोसंबी लावली, चांगले पैसे पाहिले, पोरीचं लग्न केलं, घराला स्लॅब टाकला. मोसंबीला उन्हाळ्यात पाणी लागतं आणि उन्हाळ्यातच विहीर तळ दाखवते. मग पहिलं बोअर घेतलं दीडशे फुटांचं. ते चार वर्षं चाललं. दुसरं तीनशे. विहिरीच्या पोटातून चारी दिशांना आडवी बोअर मारली. ती थेट शेजाऱ्याच्या बांधाखाली गेली. बांधाच्या वर आम्ही एक तास सरकवला तर कुऱ्हाडी निघतात. बांधाच्या खाली दीडशे फूट शिरलो, कुणी काही बोललं नाही. कारण दिसत नाही.

आता मला ज्या गोष्टीची लाज वाटते ती सांगतो.

२०१२ साली पाऊस गेला. मोसंबीच्या बागा वाळायला लागल्या. २०१३च्या सुरुवातीला तालुक्यात नवीन बोअरला बंदी आहे असं सगळे म्हणत होते. पण तमिळनाडूकडच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्याच होत्या. बंदी होती म्हणून एवढंच झालं की गाडी दिवसाऐवजी रात्री आली आणि फुटाचा दर वाढला. वरचे पैसे कुठं कुठं गेले ते मी विचारलं नाही. रात्रभर गाडी गुरगुरत होती. राखेसारखी भुकटी अंगावर येत होती. चारशे फूट गेले, पाचशे गेले, भुकटी कोरडीच. बायकोनं गळ्यातलं मोडलं होतं त्याचे पैसे फुटाफुटानं जमिनीत जात होते. पाचशे ऐंशीला भुकटी ओली झाली आणि सहाशेला पाणी उसळलं. तीन इंची. मी त्या चिखलात बसून रडलो.

आठव्या दिवशी माझ्या चुलतभावाच्या विहिरीचं पाणी गेलं. त्याची विहीर माझ्या बोअरपासून दीडशे पावलांवर. आधी थोडं होतं, घागरीपुरतं, बागेला आळीपाळीनं तांब्या-तांब्या घालण्यापुरतं. तेही गेलं. कारण साधं आहे, पण मला ते नंतर समजलं. भोक वरच्या थरातून खालच्या भेगेत गेलं की वरचं पाणी त्याच भोकानं खाली उतरतं. मी नुसतं खालचं काढलं नव्हतं, वरच्याला खाली जायची वाट करून दिली होती.

तो आला. बांधावर बसला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तुला तुझं पाणी लागलं का माझं?"

मी म्हणालो, "माझ्या बांधाच्या आत लागलंय."

वैशाखात त्यानं तीनशे झाडं कुऱ्हाडीनं तोडली. आवाज माझ्या वावरात येत होता. माझी बाग वाचली.

एवढ्यावर थांबलं नाही. आमच्या गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून माझं दुसरं बोअर तीनशे-साडेतीनशे मीटरवर आहे. तीही विहीर आटली. मग गावाला टँकर लागला. टँकर भरायला सरकार खाजगी बोअर अधिग्रहण करतं आणि मालकाला दिवसाचे पैसे देतं. आमच्या शिवारात तेव्हा पाणी असलेलं बोअर कुणाचं होतं? माझं. म्हणजे गावाच्या विहिरीचं पाणी मी खाली ओढलं आणि तेच पाणी गावाला प्यायला दिलं म्हणून सरकारनं मला पैसे मोजले. टँकर आला की बाया कळशा घेऊन पळायच्या आणि मला म्हणायच्या, "आबा, तुमच्यामुळं पाणी मिळालं, पुण्य लागंल." मी ते पुण्यही घेतलं आणि चेकही घेतला.

दोन वर्षांनी पलीकडच्या बांधाला दुसऱ्या शेजाऱ्यानं आठशे फूट मारलं. माझं तीन इंची पाणी एका उन्हाळ्यात संपलं. मी भांडायला गेलो. त्यानं मला माझंच वाक्य ऐकवलं, "माझ्या बांधाच्या आत लागलंय."

तेव्हा मी तालुक्याच्या गावी एका वकिलाकडं गेलो. विचारलं, कायदा काय म्हणतो? त्यानं सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. इंग्रजाच्या काळातला १८८२चा सुखाधिकाराचा कायदा आहे. त्यात असं धरलेलं आहे की जमिनीखाली जे पाणी ठरावीक प्रवाहानं वाहत नाही, ते गोळा करायचा आणि हवं तसं वापरायचा हक्क जमिनीच्या मालकाला आहे. १८८२ साली मोट होती. मोटेनं माणूस किती ओढणार? त्या काळी हा हक्क म्हणजे बैल दमेपर्यंतचा हक्क होता. तोच हक्क आज पाणबुडी मोटारीला मिळाला. ह्यात जमिनीखालचं पाणी ज्याचं भोक खोल त्याचं झालं. आणि खोल भोक ज्याच्याकडं पैसा त्याचं.

नंतर कायदे झाले नाहीत असं नाही. १९९३ साली राज्यानं भूजलाचा पहिला कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही, टंचाईत जिल्हाधिकारी जवळच्या विहिरींचा उपसा थांबवू शकतात, असं त्यात होतं. माझं दुसरं बोअर ह्या कायद्याच्या विरुद्ध होतं. आजपर्यंत मला कुणी एक नोटीस दिली नाही. मग २००९चा भूजल विकास व व्यवस्थापन कायदा आला. तो अंमलात यायला २०१४चा जून उजाडला. साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल गेलेल्या विहिरीला हा कायदा खोल विहीर म्हणतो आणि शेतीसाठी ती घ्यायला आडकाठी घालतो. विहिरींची नोंदणी, बोअरच्या गाड्यांची नोंदणी, पाणलोटाची समिती, पाणी बघून पीक ठरवायचा आराखडा, सगळं त्यात आहे. २०१८ साली नियमांचा मसुदाही लोकांच्या हरकतींसाठी बाहेर आला. कागदाला काही कमी नाही. पण आमच्या शिवारात उभं राहून विचारा, दोनशे फुटांच्या आत कुणाचं बोअर आहे? जे आहे ते कोरडं आहे.

म्हणून काही शहाणे म्हणतात, परवाने कडक करा. प्रत्येक बोअरला परवाना, अर्ज, फी, शिक्का. शहरात राहणाऱ्या माझ्या वाचकालाही हे पटत असेल. मला पटत नाही, आणि ते का, ते मी आमच्या ग्रामसभेत शिकलो.

२०१९च्या उन्हाळ्यात, टँकर चालू असताना, आम्ही चार-पाच बागायतदारांनीच ठराव आणला की गावात नवीन बोअर बंद. मला वाटलं आपण फार मोठं काम करतोय. एक पोरगं उभं राहिलं. दोन एकर कोरडवाहू, बाप ऊसतोडीला जाऊन जाऊन कंबरेतून गेलेला. म्हणालं, "ज्यांच्या वावरात सात-सात भोकं हायेत ते म्हनत्यात बंदी करा. म्हंजी आमचं एकबी व्हायच्या आधी दार लावून घ्यायचं?" सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली. मग मागून एक म्हातारी बोलली, दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणारी. म्हणाली, "आमाला तर वावरच नाही. मंग आमच्या नावानं पानी किती?" लोक हसले. मीही हसलो असेन. ठराव झाला नाही.

त्या दोघांनी जे विचारलं त्याचं उत्तर परवान्यात नाही. परवाना भोकाला दिला की ज्यानं आधी लुटलं तो कायदेशीर होतो आणि मागून येणारा चोर ठरतो. माझी सात बोअर नोंदली जातील, माझ्याकडं सात शिक्के येतील आणि त्या पोराला पहिलंच नाकारलं जाईल. आणि नाकारलं तरी तो घेईलच, रात्री, वाढीव दरानं, जसं मी घेतलं. मधल्या मधे कचेरीतल्या कुणाची तरी सोय होईल. शिवाय एका भोकातून मी दिवसाला एक तास उपसतो का वीस तास, त्यातून ज्वारी भिजवतो का ऊस, हे परवाना विचारतच नाही. आडातलं पाणी मोजायचं सोडून पोहरे मोजण्यातला हा प्रकार.

पाणी मोजायचं म्हणजे काय, तर हिशेब अवघड नाही, दहावीचा माणूस करू शकतो. एक एकरावर एक इंच पाणी उभं केलं तर ते सुमारे एक लाख लिटर होतं. उसाला पाटानं एक पाळी द्यायची तर एकरी तीन इंच धरा, तीन लाख लिटर झालं. आता दीड हजार वस्तीचं गाव घ्या. जल जीवन मिशनच्या मापानं माणशी ५५ लिटर धरलं तर गावाला दिवसाला साधारण ब्याऐंशी हजार लिटर लागतं. म्हणजे एका एकर उसाची एक पाळी ही सगळ्या गावाचं साडेतीन दिवसांचं पाणी. उसाला वर्षात अशा वीस-पंचवीस पाळ्या लागतात. एकच एकर ऊस अडीच-तीन महिने गावाचं पाणी पितो. आणि आम्ही टँकरमागं पळणाऱ्या बाईला सांगतो, पाणी जपून वापर.

दुसरा हिशेब शेततळ्याचा. शेततळं मुळात कशासाठी? पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला. आम्ही काय केलं? तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, म्हणजे मुरायचं बंद, आणि हिवाळ्यात बोअरनं खालचं पाणी उपसून ते भरलं. माझंही आहे, तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद. जमिनीखाली सावलीत होतं ते पाणी मी वर उन्हात आणून ठेवलं. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर जरी उडालं तरी रोज सात हजार लिटरची वाफ होते. शेजाऱ्याच्या आधी आपल्या तळ्यात ओढून घ्यावं, एवढंच त्यात शहाणपण. चोरानं माल लपवायला आणावा आणि तो लपवताना अर्धा सांडावा, तशातली गत.

मग करायचं काय? मी नवीन काही सांगत नाही. आपल्याच मातीत ते झालेलं आहे.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे नावाचा इंजिनिअर माणूस ७२च्या दुष्काळानंतर येऊन राहिला आणि त्यानं पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम मी ऐकले तेव्हा मला आमच्या सभेतली म्हातारी आठवली. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणसांच्या मापानं द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस घ्यायचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. आमची सभा ज्याला हसली, तो नियम तिथं माझ्या तरुणपणीच चालू होता.

दुसरं हिवरे बाजार, नगर तालुक्यातलं. तिथं पाऊस आमच्यापेक्षा कमी. तिथं पोपटराव पवार आणि गावानं मिळून पाणलोटाची कामं केली हे सगळ्यांना माहीत आहे. बसच्या बस भरून लोक बघायला जातात, मीही गेलो. येताना लोक बांध आणि झाडं बघून येतात. खरी गोष्ट बघत नाहीत. खरी गोष्ट ही की गावानं शेतीसाठी बोअर बंद ठेवलं, ऊस आणि केळी नको म्हणून ठरवलं, आणि दर साली पाऊस मोजून, विहिरी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. आधी माणसं आणि जनावरं, मग उरेल तेवढ्यावर पीक. पाऊस कमी तर पीक कमी. पाणी अडवणं सोपं आहे, त्याला सरकार पैसे देतं आणि फोटो निघतो. अडवलेलं पाणी न उपसणं अवघड आहे. आमच्या गावात नाला खोल केला, बंधारे झाले, दोन वर्षं विहिरी भरल्या. त्याच दोन वर्षांत चाळीसेक नवीन बोअर झाली आणि उसाचं क्षेत्र वाढलं. तिसऱ्या वर्षी टँकर.

म्हणून माझं म्हणणं असं की परवाना भोकाला नको, पाण्याला द्या. आणि तो कचेरीनं देऊ नये, गावानं द्यावा, उघड्यावर. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. तेव्हा पाऊस संपत आलेला असतो आणि रब्बी पेरायची असते. त्या दिवशी पाऊस किती झाला आणि ठरवलेल्या आठ-दहा विहिरींत पाणी किती हातांवर आहे, ते फळ्यावर लिहा. जूनपर्यंत माणसांना आणि गुरांना लागणारं पाणी बाजूला काढा. उरलेलं घरटी वाटा, ज्याला वावर नाही त्यालाही. तो आपला वाटा दुसऱ्याला देईल, त्याचं धान्य घेईल, भाजीपाला करील, त्याची मर्जी. मग ज्याच्या वाट्यात जे पीक बसतं ते त्यानं घ्यावं. बोअर माझ्या वावरात असलं तरी त्यातलं पाणी सगळ्यांच्या हिशेबात. बोअरची गाडी गावच्या ठरावाशिवाय शिवारात शिरली तर दंड गाडीच्या मालकाला, कारण शेतकरी घाबरत नाही, तो आधीच मेलेला असतो. गाडीवाला घाबरतो, त्याची गाडी लाखोंची असते. ठराव मोडणाऱ्याच्या विरुद्ध मात्र सरकारनं गावाच्या पाठीशी उभं राहावं. हिवरे बाजारात गाव एकदिलानं उभं होतं. सगळी गावं तशी नसतात. आमचं नाही.

आता मला शिव्या घालतील ते माझेच भाऊबंद. म्हणतील, शेतकऱ्याच्याच मानेवर का? कारखान्यांना का नाही, शहरांना का नाही? बरोबर आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, सगळ्या देशानं ते पाहिलं. लातूर शहर आहे, तिथले लोक पाणी प्यायला मागत होते. आणि त्याच मराठवाड्यात त्याच काळात उसाचे कारखानेही होते. शहरातल्या बांगल्याला, सोसायटीला, बाटलीत पाणी भरून विकणाऱ्याला, कारखान्याला, सगळ्यांना हाच नियम लावा. ज्याच्या मापाला मीटर नाही त्याला पाणी नाही. पण कारखानदार चोरी करतो म्हणून माझी चोरी पुण्य होत नाही. ज्याच्या बागेवर कुऱ्हाड चालली तो कारखान्यानं मेलेला नव्हता, माझ्या बोअरनं मेला होता.

सरकारलाही एक सांगायचं आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला २०२४पासून वीजबिल माफ केलं. मागेल त्याला सौर पंप देताय. शेतकरी म्हणून मला हे गोड लागतं, बिल भरायची ऐपत कुणाची आहे? पण जिथं खाली पाणीच राहिलेलं नाही तिथं फुकटची वीज म्हणजे रिकाम्या हंड्यात घातलेला मोठा चमचा. बिल होतं तोवर माणूस खटका बंद करायला एखादे वेळी उठायचा. आता सूर्य मावळेपर्यंत मोटार चालते आणि बंद करायचं कारणच नाही. शेतकऱ्याला पैसा द्यायचा तर सरळ हातात द्या, ज्वारीला, तुरीला, हरभऱ्याला उसासारखा खात्रीचा भाव द्या. कमी पाण्याच्या पिकाला भाव मिळाला तर अर्धी बोअर आपोआप बंद होतील. माणूस उसाकडं हौसेनं जात नाही, ऊस विकला जातो म्हणून जातो.

परवा रात्री पोरगा शेवटचं बोलला. ते त्याचं खरं आहे म्हणून इथं लिहितो. म्हणाला, "आबा, आपण नाही घेतलं तर पलीकडचा घेणारच आहे. तुम्ही थांबून पाणी थांबणार आहे का? आपण तेवढे एकटे मरू." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. एकट्या माणसानं शहाणं व्हायचं ठरवलं तर तो नुसता बुडतो. म्हणूनच नियम सगळ्यांना लागतो आणि तो सगळ्यांसमोर करावा लागतो. मी साधू झालो म्हणून सही करत नाही असं नाही. मला आठव्या भोकातलंही पाणी हवंच आहे. फक्त ते किती दिवसांचं आहे हे मला आता माहीत आहे.

मी पोराला एवढंच सांगितलं की २ ऑक्टोबरपर्यंत थांब. त्या दिवशी मी सभेत उभा राहणार आहे आणि कुणी विचारायच्या आत माझी सात बोअर, त्यांची खोली, त्यांचं पाणी आणि गावच्या विहिरीजवळचं ते दुसरं बोअर, हे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगणार आहे. सातवं बोअर गावाच्या हिशेबात धरा असं लिहून देणार आहे. मग त्या दोन एकरवाल्या पोराला विचारीन, आता बोल. लोक हसतील कदाचित. माझा पोरगा सभेला येणार नाही म्हणतो.

काल सकाळी चुलतभावाच्या घरी गेलो. बारा वर्षांनी. तो ओट्यावर बसला होता. त्याची विहीर आता बुजत आली आहे, त्यात बाभळी उगवल्यात. मी म्हणालो, "दोन तारखेच्या सभेला ये." त्यानं विचारलं, "कशाला?"

मी म्हणालो, "तू विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचंय."

त्यानं आत बघून चहा टाकायला सांगितलं. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. चहा घेऊन मी घरी आलो. कागद देवळीत तसाच आहे.